चार हजार गुरुवारांचे व्रत

कुठल्याही नोंदणीकृत संस्थेची विषयपत्रिका उघडा, पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. संस्था गृहनिर्माणाची असो, वाचनालयाची असो की तालमीची, तिला पुढे सरकायचे तर आधी मागे वळून पाहावे लागते, आणि त्या वेळी ‘मी असे बोललोच नव्हतो’ म्हणणारा एक सभासद हजर असावा लागतो. यात नवल नाही. नवल हे, की ज्यांनी पुढच्या शतकांतच मुक्काम ठोकायचा असे ठरवून मंडळ काढले, त्यांचीही यातून सुटका झालेली नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात विज्ञानकथाप्रेमींचा एक क्लब १९३४ पासून चालू आहे. नाव ‘लॉस एंजेलिस सायन्स फँटसी सोसायटी’. आद्याक्षरांचा उच्चार सभासद ‘लॅसफस’ असा करतात, आणि तो कानावर पडताच नवख्याच्या तोंडून ‘शतंजीव’ निघून जाण्याचा संभव आहे. आशीर्वाद लागू पडलेला दिसतो, कारण क्लबने नव्वदी ओलांडली आहे. त्याची सभा दर गुरुवारी भरते. आजवर अशा चार हजारांहून अधिक सभा झाल्या, आणि परग्रहावरील जीवसृष्टीचा विषय निघण्याआधी मागच्या गुरुवारचे इतिवृत्त वाचले जाते. आपल्याकडे लोक गुरुवार धरतात, ठरावीक संख्या पुरी झाली की उद्यापन करतात. या मंडळींनी गुरुवार धरला तो धरलाच. त्यांचा इतिहास चाळला की एकच निष्कर्ष निघतो : हा क्लब मंगळाच्या ओढीने टिकलेला नाही, गुरूच्या वारामुळे टिकला आहे. भविष्याच्या भक्तांना तारले ते वार, वर्गणी आणि इतिवृत्त या तीन जुनाट साधनांनी. हे विधान कोणाला उपहासाचे वाटेल, पण पुरावा त्याच बाजूचा आहे.

जन्मकथा एका व्यापाऱ्यापासून सुरू होते. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेला गृहस्थ रेडिओचे सुटे भाग विकी आणि जोडीला नियतकालिके काढी. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक काढले. मुखपृष्ठावर नाना हातापायांचे प्राणी आणि आकाशात लोंबकळणारी यंत्रे. असला अंक घरात उघड्यावर ठेवायची सोय नव्हती, तो वह्या-पुस्तकांच्या आडच वाचावा लागे. अशा वाचकाची अडचण एकटेपणाची असते. वर्गात, गल्लीत, नात्यागोत्यात आपल्यासारखा दुसरा वेडा आहे की नाही हे त्याला कळायला मार्ग नसतो. गर्न्सबॅकने हा मार्ग नकळत खुला केला. वाचकांची पत्रे छापताना तो खाली त्यांचे पूर्ण पत्ते छापू लागला. एवढ्या एका कारकुनी सवयीतून जगभरच्या विज्ञानकथा चाहत्यांची चळवळ निघाली. पत्ता दिसला की पोरे एकमेकांना पत्रे टाकू लागली आणि एका गावातली असली तर थेट दारात जाऊन उभी राहू लागली. डिसेंबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘सायन्सिअर्स’ नावाचे मंडळ निघाले. त्याचा अध्यक्ष वॉरन फिट्झजेराल्ड हा तिशीतला कृष्णवर्णीय गृहस्थ होता आणि बाकीचे बहुतेक सभासद मिसरूड न फुटलेले गोरे मुलगे. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट कित्येक विज्ञानकथांपेक्षा अधिक अद्‌भुत होती. पण मंडळ काही वर्षांत विरून गेले, कारण त्याच्याकडे अद्‌भुत अध्यक्ष असला तरी अद्‌भुत खजिनदार नव्हता.

१९३४ मध्ये गर्न्सबॅकने आपल्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकातून ‘सायन्स फिक्शन लीग’ची घोषणा केली. उद्देश उदात्त होता, विज्ञानकथेचा प्रसार. त्यातून खप वाढला तर लीगची काही हरकत नव्हती. सभासदाला प्रमाणपत्र मिळे, कोटाला लावायचे बोधचिन्ह विकत मिळे, आणि गावात पुरेसे सभासद जमले तर शाखा काढायची परवानगी मिळे. लॉस एंजेलिसची शाखा क्रमांक चार. तिची पहिली बैठक २७ ऑक्टोबर १९३४ रोजी भरली, तो वार शनिवार होता. म्हणजे गुरुवारही या मंडळींना आयता मिळाला नाही, चाचपडत सापडला. गर्न्सबॅकचे म्हणाल तर लेखकांच्या मानधनाबाबत तो भविष्यकाळाचा प्रयोग फार करी. डोनाल्ड वोलहाइम या तरुणाने आपले थकलेले पैसे वकील लावून वसूल केले आणि १९३५ मध्ये लीगने त्यालाच सभासदत्वावरून कमी केले. पुढच्याच वर्षी गर्न्सबॅकने मासिक विकून टाकले आणि लीगची नुसती धुगधुगी राहिली. खोड वाळले, पण लॉस एंजेलिसची पारंबी तोवर जमिनीला टेकली होती. १९४० मध्ये तिने आजचे नाव घेतले आणि आपण कोणाची तरी शाखा होतो हे सोयिस्करपणे विसरून टाकले.

ती जमिनीला कशी टेकली हे पाहायचे तर एका खानावळीत शिरावे लागते. शहराच्या मध्यवस्तीत क्लिफ्टन्स कॅफेटेरिया होता. त्याचा मालक क्लिफर्ड क्लिंटन याचा नियम असा, की गिऱ्हाइकाने जमेल तेवढे द्यावे आणि जेवण आवडले नाही तर काहीच देऊ नये. ऐन मंदीच्या काळात असल्या नियमावर हॉटेल चालवणे ही खरी विज्ञानकथा. पण ते चालले. त्याच्या वरच्या मजल्यावर ‘ब्राउन रूम’ नावाची खोली होती, तिथे क्लब जमू लागला आणि काही वर्षांत त्याचा वार गुरुवारवर येऊन स्थिरावला. खिशात दमडी नसलेल्या पोरांना आठवड्यातून एकदा बसायला जागा, समोर काहीतरी खायला आणि मंगळावर वातावरण आहे की नाही यावर तावातावाने बोलायची मुभा मिळाली. १९३७ मध्ये यांत सतरा वर्षांचा एक बडबड्या मुलगा सामील झाला. शाळा संपल्यावर तो रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकी. जानेवारी १९३८ मध्ये क्लबच्या सायक्लोस्टाईल केलेल्या ‘इमॅजिनेशन!’ या अंकात त्याची पहिली कथा छापून आली. पुढच्या वर्षी त्याने ‘फ्युचुरिया फँटासिया’ नावाचे स्वतःचे अनियतकालिक काढले, ते चार अंकांत आटोपले, आणि त्यासाठीची पदरमोड क्लबमधल्याच फॉरेस्ट आकरमन या मित्राने केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संमेलनाला जायला मुलाने बसभाडे उसने घेतले, तेही आकरमनकडूनच. मुलाचे नाव रे ब्रॅडबरी. उसनवारी इतकी सत्कारणी लागल्याची उदाहरणे वाङ्मयाच्या इतिहासात थोडी.

आकरमनबद्दल थांबून सांगितले पाहिजे, कारण असा एक सभासद प्रत्येक मंडळाला लागतो आणि एकापेक्षा अधिक परवडत नाही. हा गृहस्थ अंक, पुस्तके, चित्रे, चित्रपटांतले मुखवटे असे काय काय साठवी. साठत साठत घराचे संग्रहालय झाले आणि तो स्वतः त्यात उरलेल्या जागेत राहू लागला. एस्पेरांतो ही कृत्रिम जागतिक भाषा तो बोले, आणि उद्या सारे जग ती बोलणार याची त्याला खात्री होती. जगाने ऐकले नाही. १९५४ मध्ये त्याने ‘साय-फाय’ हा शब्द गमतीने वापरात आणला आणि अभिजात विज्ञानकथेचे अभिमानी त्यावर पुढे अनेक वर्षे दातओठ खात राहिले. तो शब्द मात्र साऱ्या जगाने उचलला. भविष्याचा अंदाज कसा चुकतो याचे हे जवळून पाहण्याजोगे उदाहरण आहे : ज्याच्यावर पैज लावली ते आपटले, आणि जे सहज तोंडातून गेले ते शब्दकोशात जाऊन बसले. १९३९ च्या न्यूयॉर्क संमेलनात हा आकरमन भविष्यकाळातला म्हणून एक झगेदार पोशाख घालून वावरला. आज जगभर जे कॉस्प्ले म्हणून मिरवले जाते त्याचा उगम बहुतेक जण तिथे दाखवतात. पोशाख शिवला होता क्लबमधल्याच मर्टल डग्लस यांनी, आणि त्यांनी स्वतःही तसाच वेष केला होता. इतिहासात झगा आकरमनच्या नावावर जमा झाला. टाके कोणी घातले ते तळटीपेत राहिले. भविष्यातही काही गोष्टी बदलत नाहीत, त्या अशा.

आता प्रतिपक्षाचा पुरावा पाहू. न्यूयॉर्कच्या चाहत्यांकडे बुद्धी अधिक होती, महत्त्वाकांक्षा अधिक होती आणि भांडणे तर मोजण्यापलीकडची होती. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्यांच्यातले काही जण आगगाडीने फिलाडेल्फियाला गेले. तिथले काही चाहते भेटले, सगळे मिळून जेमतेम डझनभर, आणि घरगुती गप्पांनाच त्यांनी जगातले पहिले विज्ञानकथा संमेलन म्हणून जाहीर केले. ही घाई अशासाठी, की इंग्लंडातल्या लीड्सच्या शाखेने ३ जानेवारी १९३७ चे संमेलन रीतसर आखले होते. त्या लीड्सच्या संमेलनाला आर्थर क्लार्क हा तरुण हजर होता, पण उपस्थिती तिथेही दोन रांगांच्या पुढे गेली नाही. पहिले कोणते, हा वाद आजतागायत निकालात निघालेला नाही. पुढे वोलहाइम आणि त्याच्या मित्रांनी १९३८ मध्ये ‘फ्युचेरियन्स’ हा गट काढला. विरुद्ध गटाच्या हाती २ जुलै १९३९ रोजी भरलेले पहिले जागतिक संमेलन आले. डेव्हिड काइल या फ्युचेरियनने निषेधाचे पत्रक छापून आणले, ते प्रवेशद्वाराशी सापडले आणि संयोजकांनी सहा फ्युचेरियन्सना आत सोडायला नकार दिला. पत्रक छापणारा काइल मात्र आत गेला. आयझॅक असिमोव्हही त्याच गटाचा, तोही आत गेला आणि अपराधी वाटल्याचे पुढे त्याने कबूल केले. एवढे सगळे झाले ते साधारण दोनशे माणसांच्या सभागृहाच्या दारात. तीन मराठी माणसे जमली की दोन मंडळे निघतात असे म्हणतात. न्यूयॉर्कच्या मंडळींनी दाखवून दिले, की या कलेची मक्तेदारी आपल्याकडे नाही. सॅम मॉस्कोवित्झ या संयोजकाने या दशकाचा इतिहास पुढे जाडजूड पुस्तकात लिहिला. मूठभर पोरांच्या त्या भांडणांना त्याने महायुद्धाला शोभेल असा सूर लावला आहे.

फ्युचेरियन्सचा शेवट १९४५ मध्ये झाला. गटातल्या काहींनी वोलहाइमला काढल्याचे पत्रक काढले, वोलहाइमने अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि वकिलांच्या खर्चात गट संपला. आयुष्य सुमारे सात वर्षे. तेवढ्या काळात लॉस एंजेलिसच्या क्लबने काय केले? गुरुवार पाळले. यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे : फ्युचेरियन्सनी असिमोव्ह दिला, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ, जेम्स ब्लिश, डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल दिले. पोल तर एकोणिसाव्या वर्षी दोन मासिकांचा संपादक झाला होता. सात वर्षांत एवढे पीक आले, तर नव्वद वर्षे नुसते इतिवृत्त वाचणाऱ्यांचे कौतुक कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मान्य. पण साहित्य आणि क्लब यांचे हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावे लागतात. लेखक व्हायला भांडण उपयोगी पडते, संस्था टिकवायला ते पुरत नाही. फ्युचेरियन्सचा प्रत्येक सभासद स्वतः लेखक नाही तर संपादक होता, किंवा लवकरच होणार होता. ज्या मंडळात सगळेच व्यासपीठावर बसतात, तिथे सतरंजी कोण घालणार? लॉस एंजेलिसच्या क्लबमध्येही लेखक आले, लॅरी निव्हेन आणि जेरी पोर्नेल यांच्यासारखे नाणावलेले आले. पण क्लब चालवला तो एक ओळही न छापलेल्या, तरी वेळेवर येऊन खुर्च्या मांडणाऱ्या सभासदांनी. फ्युचेरियन्सची पुस्तके आज ग्रंथालयात सापडतात. फ्युचेरियन्स कुठेच भरत नाहीत.

लॉस एंजेलिसला भांडणे नव्हती असे कोणी समजू नये. १९४३ मध्ये तिथे आलेला फ्रान्सिस लेनी हा सभासद क्लबचा संचालकही झाला, कंटाळून बाहेर पडला, आणि १९४८ मध्ये त्याने शंभराहून अधिक पानांचे आत्मकथन सायक्लोस्टाईल करून वाटले. क्लबमधले लोक किती निरुद्योगी, किती बालिश आणि किती भांडकुदळ आहेत याची त्यात नावानिशी हजेरी घेतली आहे. आपल्याकडे एखाद्या मंडळावर असा मजकूर निघाला असता तर निषेधसभा, खुलासा, प्रतिखुलासा आणि अखेरीस दुसरे मंडळ अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या मंडळींनी काय केले? पुढच्या गुरुवारी ती जमली. लेनीचा ग्रंथ चाहत्यांच्या जगात आजही आवडीने वाचला जातो, आणि आपल्या क्लबला एवढ्या शिव्या खाण्याचा मान मिळाला याची तिथे कोणाला लाज वाटत नाही. यामागचे यंत्र समजून घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमध्ये मतभेद झाला की त्याचे तत्त्व होई. लॉस एंजेलिसमध्ये मतभेद झाला की त्याची नोंद होई. तत्त्वासाठी माणसे गट सोडतात. नोंदीत आपले बोलणे बरोबर आले आहे का हे तपासायला मात्र पुढच्या सभेला यावेच लागते. इतिवृत्ताचा हा चुंबकीय गुण विज्ञानाच्या पुस्तकांत दिलेला नाही.

सभेचे रूप जवळून पाहिले तर हे यंत्र चालताना दिसते. इतिवृत्त चिटणीसाने विनोदी लिहावे अशी अपेक्षा असते, आणि लोक वाद घालतात तेही बऱ्याचदा इतिवृत्तात झळकण्यासाठी. खजिनदाराचा अहवाल होतो. सभासदांकडून पैसे उकळण्यासाठी एक समिती आहे आणि तिचे नावही साधारण तसेच आहे. निदान संस्थेच्या कारभारातला एवढा प्रामाणिकपणा अन्यत्र आढळत नाही. ठरावीक देणगी देणारा सभासद ‘पेट्रन सेंट’, म्हणजे क्लबचा आश्रयदाता संत होतो. वर्षातून एकदा त्याच्या नावाची सभा येते, त्याचे गुणगान होते आणि सगळे मिळून त्याच्या नावाने तीनदा जयघोष करतात. आपल्याकडे देणगीदाराचे नाव पंख्याच्या पात्यावर रंगवतात. पंखा फिरला की नाव दिसत नाही आणि थांबला की देणगीदाराला उकडते. त्यापेक्षा तीन आरोळ्या स्वस्त आणि टिकाऊ. अशा थेंबाथेंबातून काय साचले ते पाहा. १९६० च्या दशकात इमारत निधीची कल्पना निघाली. भाड्याच्या खोल्यांतून आणि कोणाकोणाच्या दिवाणखान्यांतून फिरणाऱ्या क्लबने स्वतःचे घर बांधायच्या गोष्टी करणे हीच सभासदांना अतिशयोक्ती वाटावी अशी परिस्थिती होती. चंद्रावर वसाहत होईल यावर ज्यांचा विश्वास होता, त्यांना आपल्या मालकीच्या चार भिंती उभ्या राहतील हे पटायला जड गेले. पण १९७३ मध्ये क्लबने खरोखर आपली वास्तू विकत घेतली. १९७७ मध्ये दुसरी, २०११ मध्ये तिसरी. चंद्रावरची वसाहत अजून व्हायची आहे.

दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो. वार, वर्गणी आणि इतिवृत्त एवढ्यावरच सगळे असेल, तर मग विज्ञानकथेचे काय काम? भजनी मंडळही गुरुवारी जमते, भिशीलाही खजिनदार असतो. रचनेपुरते साम्य खरेच आहे, आणि भजनी मंडळाशी तुलना झाली तर कमीपणा क्लबने मानू नये. टिकाऊपणात भजनी मंडळे त्याच्याही पुढे आहेत. पण विज्ञानकथेने या रचनेत एक गोष्ट आपली घातली : काळाकडे पाहण्याची सैल नजर. क्लबचे ब्रीदच असे, की मृत्यूही तुमची सुटका करणार नाही. इतर संस्था सभासद वारला की दोन मिनिटे उभ्या राहतात आणि यादीतून नाव कमी करतात. इथे मेलेला सभासदही सभासदच. पॉल फ्रीहेफर हा तरुण सभासद १९४४ मध्ये वारला. क्लबच्या सभागृहाला त्याचे नाव दिले गेले, आणि क्लबने जागा बदलल्या तरी ते नाव सामानाबरोबर पुढच्या जागेत जात राहिले. हजार वर्षांपुढच्या गोष्टी वाचायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचू शकते. त्याच सवयीमुळे उद्दिष्ट पूर्ण होण्याचे संकटही क्लबने पचवले. संस्थेला अपयश मारत नाही, यश मारते. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. पस्तीस वर्षे ज्याचा ध्यास घेतला ते घडले. खरे तर त्या दिवशी समारोप करून शिल्लक रक्कम एखाद्या शाळेला द्यायला हवी होती. चांद्रवीर चोवीस तारखेला पॅसिफिक महासागरात उतरून पृथ्वीवर परतले. तो वार गुरुवार होता. चंद्र सर करून आलेल्या माणसांच्या दृष्टीने तो इतिहासाचा दिवस असेल. क्लबच्या दिनदर्शिकेत तो सभेचा वार होता.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. एकटेपणातून क्लब जन्मला हे खरे, पण आता एकटे आहे कोण? मोबाईलवर बोट फिरवले की आपल्यासारखे लाखभर वेडे सापडतात. गर्न्सबॅकने छापलेल्या पत्त्यांचे काम यंत्राने हाती घेतले. याचे उत्तर क्लबच्याच कपाटात आहे. १९६४ मध्ये तिथे ‘आपा-एल’ हा प्रकार सुरू झाला. प्रत्येकाने आपल्या मजकुराच्या प्रती काढून गुरुवारी आणायच्या, सगळ्यांची पाने एकत्र लावून गठ्ठा टाचायचा, प्रत्येकाने एक गठ्ठा घरी न्यायचा, आणि पुढच्या आठवड्यात इतरांच्या मजकुरावरचे शेरे लिहून आणायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आपण हेच करतो, फक्त शाईने हात काळे होत नाहीत आणि उत्तर द्यायला आठवडाभर थांबावे लागत नसल्याने राग निवळायला वेळ मिळत नाही. म्हणजे अंतरावरून गप्पा मारायची सोय या मंडळींनी फार आधी करून ठेवली होती, आणि तरी सभा बंद केली नव्हती. दोन्हींचे काम वेगळे आहे हे त्यांना ठाऊक होते. गटात आपल्याला न आवडणाऱ्या माणसाला एका स्पर्शाने गप्प करता येते. सभेत तो शेजारच्याच खुर्चीवर बसतो, आपल्याच ताटलीतले बिस्कीट उचलतो, आणि वीस वर्षांनी आपल्या लक्षात येते की तो आपला मित्र आहे. कोरोनाच्या काळात सभा पडद्यावर गेली तेव्हाही वार बदलला नाही. सभासदांचे वय वाढते आहे हे मात्र खरे, आणि त्यावर विज्ञानाजवळ अजून इलाज नाही. नवी पोरे आणायचे काम क्लबलाच करावे लागेल. १९७५ पासून तो ‘लॉसकॉन’ नावाचे वार्षिक संमेलन भरवतो, त्यातून थोडीफार सापडतात.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? मराठीत विज्ञानकथा आहे आणि तिचा वाचकही आहे. मुंबईत १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिने विज्ञानकथेच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ मध्ये अशाच स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले, की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी फिरवलेली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नीकडून लिहून घेतलेला. केंब्रिजला नाव काढलेल्या खगोलशास्त्रज्ञाने परीक्षकांना आपल्या नावाचे दडपण नको म्हणून टोपणनाव घ्यावे, ही आपल्या विज्ञानकथेच्या इतिहासातली फार सुरेख गोष्ट आहे. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. स्पर्धा झाली, संमेलनाचे अध्यक्षपद झाले; म्हणजे आपल्याकडे विज्ञानकथेला व्यासपीठ मिळाले, शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. पण आपण तिचा इतिहास सांगतो तेव्हा तारखा येतात त्या पुस्तकांच्या आणि पुरस्कारांच्या. वाचकाने वाचकाला भेटायचा ठरलेला वार त्यांत सहसा येत नाही. लेखकाचा सत्कार ऐकायला वाचक वर्षातून एकदा येतो आणि चहा पिऊन जातो. शेजारी बसलेल्यानेही तेच पुस्तक वाचले होते हे त्याला कळतच नाही.

तेव्हा सातारा, रत्नागिरी, नांदेड की मडगाव, कुठेही चार-दोन विज्ञानकथाप्रेमी असतील तर त्यांनी क्लब जरूर काढावा. उद्दिष्टे, घटना आणि बोधचिन्ह यांवर वेळ घालवू नये. उद्दिष्टांवरून फूट पडते आणि बोधचिन्हावरून हमखास पडते. आधी वार ठरवावा. मग चहा परवडेल अशी जागा पाहावी. मग एक खजिनदार शोधावा, ज्याला विज्ञानकथा आवडली नाही तरी चालेल पण बेरीज आली पाहिजे. मग एक चिटणीस, ज्याला हसता येते. आकाशगंगा आपल्या जागी आहे, ती कुठे जात नाही, तिच्याबद्दल दुसऱ्या-तिसऱ्या सभेपासून बोलता येईल. आणि ‘हे किती दिवस चालवायचे?’ असे कोणी विचारलेच, तर लॉस एंजेलिसकडे बोट दाखवावे. चार हजारांवर गुरुवार झाले, उद्यापनाचा विषय अजून त्यांच्या विषयपत्रिकेवर आलेला नाही.